चामखीळ आणि शरीराची जागल



आज मी तुमच्याशी चामखिळीविषयी चार गोष्टी बोलणार आहे. विषय तुम्हांला क्षुल्लक वाटेल. चामखिळीपायी कोणी अंथरूण धरल्याचे ऐकिवात नाही. तिने ताप येत नाही, बहुधा दुखतही नाही. पण तिच्यापायी लेकरांचे हाल होतात खरे, आणि ते तिच्यामुळे कमी व आपल्या उपायांमुळे जास्त. कोणी तीवर बिबा लावतो, कोणी चुन्यात धुण्याचा सोडा कालवून लावतो, कोणी ब्लेडने खरवडतो, तर कोणी आठवडी बाजारात मस काढून देणाऱ्यापुढे हात करतो. चामखीळ जाते, तिथे जखम होते. जखम भरते, डाग राहतो. आणि दोन महिन्यांनी त्याच डागाच्या कडेने पुन्हा चामखीळ उगवते!

दुसरीकडे असेही घडते. एखाद्या पोराच्या हातावर सात-आठ चामखिळी असतात. वर्ष-दीड वर्ष त्या हलत नाहीत. आणि एका पंधरवड्यात सगळ्या नाहीशा होतात. डागसुद्धा राहत नाही. काय केलंत म्हणून विचारा. कोणी म्हणेल, घोड्याचा केस बांधला. कोणी म्हणेल, नवस बोललो. कोणी बटाट्याची फोड चोळलेली असते, कोणी अमावास्येला दोरा बांधलेला असतो. म्हणजे उपाय घरोघरी निराळा, आणि गुण मात्र सगळ्यांना सारखाच! तेव्हा विचार असा येतो की, खरा गुण देणारा कोणी तिसराच तर नसेल? तो तिसरा कोण, हेच आज आपल्याला पाहायचे आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण दोन वेगळ्या गोष्टींना चामखीळ म्हणतो. मानेवर, काखेत मऊ, बारीक देठाने लोंबणारी जी असते, ती नुसती वाढलेली कातडी. ती कोणाला लागत नाही. तिचा आजच्या विषयाशी संबंध नाही. दुसरी असते ती टणक, खरखरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या तोंडाची. ती बोटांवर, नखांच्या कडेला, गुडघ्यावर येते. तळपायाला आली तर अंगाच्या भाराने आत दबते आणि लोक तिला कुरूप समजतात. ओळखायची खूण सोपी आहे. वरून सरळ दाबले की दुखते ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरले की दुखते ती बहुधा चामखीळ. शिवाय कुरुपावरून कातडीच्या रेषा तशाच पुढे जातात, चामखिळीशी येऊन त्या तुटतात. तिच्यात काळे ठिपके दिसतात, त्यांना लोक मुळ्या म्हणतात. त्या मुळ्या नव्हेत. ते गोठलेल्या रक्ताच्या अतिशय बारीक वाहिन्यांचे तोंड. चामखिळीला मूळ नसतेच. मग ते उपटायला ब्लेड कशाला हवे?

ही खरखरीत चामखीळ एका विषाणूमुळे होते. चामखीळ वाटून, तिचा अर्क बारीक गाळणीतून गाळून घेतला, तरी त्या अर्काने नवी चामखीळ उठते, हे इटलीतील च्यूफो नावाच्या डॉक्टरांनी १९०७ साली दाखवले. गाळणीतून जंतू जात नाहीत. म्हणजे जंतूहूनही लहान असे काहीतरी तिच्यात होते. त्याला आज ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणतात. किती लहान? एका मिलिमीटरच्या लांबीत हे कण ओळीने मांडले तर अठरा हजारांच्या आसपास बसतील. त्याचे २००हून अधिक प्रकार माहीत झाले आहेत, आणि प्रत्येकाने आपापला मुलूख वाटून घेतला आहे. कोणी हाताचा, कोणी तळपायाचा, कोणी चेहऱ्यावरच्या सपाट चामखिळीचा, कोणी गुप्तांगाचा. एक प्रकार तर मुख्यतः मांस कापणाऱ्यांच्या हातांवर आढळतो.

आता हा पाहुणा आत कसा शिरतो ते पाहा. आपली कातडी म्हणजे वावराचे कुंपण. ती धड असेल तर विषाणूला वाट नाही. पण बाभळीचा काटा रुतला, सोंगणीत धसकट लागले, पोराने नख कुरतडले, पावसात पाय भिजून कातडी मऊ पडली, की कुंपणाला फट पडते. त्या फटीतून तो कातडीच्या सर्वांत खालच्या थरापर्यंत जातो आणि तिथल्या पेशीत मुक्काम करतो. कातडीचा धर्म असा की, खाली नव्या पेशी जन्मतात, त्या हळूहळू वर सरकतात आणि महिनाभराने कोंडा होऊन झडतात. विषाणू त्या पेशीबरोबर वर वर येतो. खालच्या थरात तो गप्प असतो. आपली पिलावळ तो वाढवतो ती अगदी वरच्या थरात, जिथल्या पेशी तशाही मरायलाच टेकलेल्या असतात. म्हणून चामखीळ उगवायला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात, आणि ती कोणाकडून आली ते सहसा कळत नाही.

ह्यातच त्याची हुशारी आहे. सोयाबीन शेंगांवर आले, तूर भरली, की आपण रात्री वावरात जागल करतो. रानडुकरांचा कळप आला तर पीक तुडवतो, आवाज होतो, कुत्रे भुंकते, जागल्या उठतो. गोवराचा विषाणू असा रानडुकरासारखा येतो. रक्तात शिरतो, ताप आणतो, अंगभर पुरळ उठवतो. शरीराची जागल खडबडून उठते, त्याला हाकलते आणि जन्मभर त्याची ओळख ठेवते. चामखिळीचा विषाणू मात्र धुऱ्याच्या गवतात दबा धरून बसणाऱ्या चोरासारखा. तो रक्तात जात नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. दररोज थोडे थोडे नेतो. कुत्रे भुंकायलाच कारण घडत नाही!

पण शरीराची जागलही काही कच्ची नाही. कातडीत फांद्या पसरलेल्या पहारेकरी पेशी असतात. जर्मनीत वैद्यकीचा विद्यार्थी असलेल्या पाउल लँगरहान्स ह्याने त्या १८६८ साली प्रथम पाहिल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. त्या पहारेकरी आहेत हे कळायला पुढे शंभर वर्षे लागली. ह्या पेशी परका माल दिसला की त्याचा तुकडा उचलतात आणि जवळच्या गाठीत नेऊन दाखवतात. काखेत, जांघेत सुजल्या की आपण अवधाण आले म्हणतो, त्याच ह्या गाठी. तिथे टी पेशी नावाचे शिपाई असतात. त्यांना चोराचा चेहरा दाखवला जातो, त्यांची पलटण वाढते आणि रक्तावाटे ती कातडीकडे निघते. चामखिळीचा विषाणू करतो ते इतकेच की, तो आपल्या आसपासचे पहारेकरी कमी करतो आणि हाकाटीचा आवाज दाबतो. म्हणून महिनेच्या महिने खबर पोचत नाही.

मग एके दिवशी पोचते. चामखीळ जराशी लाल होते, खाजते, कधी काळी पडते. पाहणाऱ्याला वाटते, बिघडली. खरे म्हणजे तेव्हा शिपाई येऊन पोचलेले असतात. काही दिवसांत ती सुकून गळते, आणि डाग राहत नाही. कारण शिपाई फक्त विषाणू बसलेल्या पेशी उचलतात, चांगल्या कातडीला हात लावत नाहीत. आणि एकदा ओळख पटली की हे शिपाई अंगभर फिरतात. म्हणून सगळ्या चामखिळी एकदमच जातात. घोड्याचा केस एकाच चामखिळीला बांधला असताना बाकीच्या सहा कशा गेल्या, ह्याचे उत्तर हे आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे खरे कशावरून? तीन पुरावे सांगतो.

पहिला पुरावा मुलांचा. नेदरलँड्समधील तीन प्राथमिक शाळांतील सुमारे अकराशे मुलांचे हातपाय संशोधकांनी तपासले. दर तीन मुलांमागे एकाला चामखीळ निघाली. ह्या मुलांवर त्यांनी लक्ष ठेवले, आणि त्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात जवळजवळ निम्म्या मुलांच्या चामखिळी पार गेल्या होत्या. मोठ्या माणसांत हाच काळ लांबतो.

दुसरा पुरावा उलट बाजूचा. ज्यांची जागल झोपली आहे त्यांचे काय होते? मूत्रपिंडाचे रोपण झालेल्यांना शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. त्यांच्या अंगावर वर्षागणिक चामखिळी वाढत जातात. एचआयव्हीची लागण होऊन टी पेशी घटल्या तरी तेच. आणि काही थोडी माणसे अशी जन्मतात की त्यांच्या हातापायांवर झाडाच्या सालीसारखी, फांद्यांसारखी वाढ होते. त्यांना 'वृक्षमानव' म्हणतात. २०२१ साली अशा एका रुग्णाच्या अनुवंशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या टी पेशींवरची सीडी २८ नावाची एक कळ जन्मतःच नव्हती. बाकी बहुतेक रोगांशी त्याचे शरीर झुंजत होते; चामखिळीच्या विषाणूपुढे मात्र ते हतबल होते. म्हणजे हा विषाणू आपल्या सर्वांच्या अंगावर आवरलेला असतो तो टी पेशींमुळे, हे स्पष्ट झाले.

तिसरा पुरावा औषधाचा, आणि तो मोठा मजेदार आहे. त्वचारोगतज्ज्ञ कधी कधी गोवर, गालफुगी व रुबेला ह्यांची लस एकाच मोठ्या चामखिळीत थोडीशी टोचतात. लस गोवराची, तिला चामखिळीचे नावही माहीत नाही. तरी पुष्कळ रुग्णांत ती चामखीळ जाते, आणि न टोचलेल्या लांबच्या चामखिळीही जातात. कारण ओळखीचा शत्रू आला म्हणून शिपाई तिकडे धावतात, आणि धावता धावता धुऱ्यातला चोर त्यांच्या नजरेस पडतो.

आता बिब्याकडे येऊ. विदर्भात बिबा फोडून गोडंबी काढणाऱ्या आयाबायांचे हात पाहा. काळे पडलेले, भाजलेले. बिब्याचे तेल एखाद्याला उतते म्हणजे काय होते? ते कातडीला जाळते हे एक. आणि दुसरे म्हणजे त्याच टी पेशी चवताळून सूज, पाणी, खाज आणतात. ह्यावरून आपल्या पूर्वजांच्या उपायात काही तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. डॉक्टरही काही हट्टी चामखिळींवर कातडीला चेतवणारे रसायन लावतात. पण ते फार पातळ करून, मोजून, आधी थोड्या जागेवर परीक्षा घेऊन. बिब्याला माप नसते. तो एकाला काही करत नाही आणि दुसऱ्याचे तोंड सुजवून डोळे मिटवतो. चुना-सोड्याचे तेच, तो चामखीळ आणि चांगली कातडी ह्यांत भेद करत नाही. आणि ब्लेडने खरवडले की त्या ओरखड्यांच्या रेषेवरच नव्या चामखिळी ओळीने उठतात. दाढी करताना गालभर पसरतात त्या अशाच. बाजारातल्या मस काढणाऱ्याची एकच सुई दहा जणांना लागत असेल, तर चामखीळ राहते बाजूला आणि काविळीचा विषाणू पदरात पडतो.

मग करायचे काय? लेकरू धडधाकट असेल, चामखिळी थोड्या असतील आणि दुखत नसतील, तर काही न करणे हाही एक उपाय आहे, आणि तो चांगला आहे. थांबवत नसेल तर औषधाच्या दुकानात सॅलिसिलिक आम्लाचे चामखिळीसाठीचे पातळ औषध मिळते. रात्री ती जागा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवावी, मेलेली कातडी हळूच घासून काढावी, भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावावे आणि फक्त चामखिळीवर औषध लावावे. हे रोज, बारा आठवडे. आठ दिवसांत सोडून द्याल तर उपयोग नाही. घासायचा दगड दुसऱ्या कोणी वापरू नये. चेहऱ्यावर आणि गुप्तांगावर हे औषध मुळीच लावू नये. मधुमेह असणाऱ्यांनी, आणि ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी तळपायावर ते स्वतः लावू नये. जखम झाल्याचे कळतही नाही. डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश. पण एवढे ध्यानात ठेवा की, ही सगळी औषधे चोराला मारण्यापेक्षा पहारेकऱ्याला जागे करण्याचे काम पुष्कळ अंशी करतात. म्हणून एकाला गुण येतो, दुसऱ्याला उशिरा येतो. त्यात डॉक्टरचा दोष नाही, आणि तुमचाही नाही.

काही वेळा मात्र थांबू नये. मोठ्या माणसाच्या अंगावर अचानक पुष्कळ चामखिळी उठल्या आणि वजन घटत असेल, ताप येत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. एचआयव्ही निघाला तरी घाबरू नये; त्याचे औषध सरकारी केंद्रांतून २००४ सालापासून फुकट मिळते, आणि त्याने जागल पुन्हा उभी राहते. एकच चट्टा वर्षानुवर्षे हळूहळू पसरत असेल, तर तो कातडीचा क्षयही असू शकतो. जी गाठ रक्ताळते, रंग बदलते, भराभर वाढते, तिला चामखीळ समजून घरी बसू नये. वाशीमला ९ ऑक्टोबर २०२४ रोजी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आहे. त्वचेच्या तज्ज्ञाला दाखवायचे झाले तर आधी जिल्ह्याच्या गावी चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी विशेषतः माझ्या भगिनींना सांगतो. ह्या विषाणूचे काही भाऊबंद गर्भाशयाच्या तोंडाशी वस्ती करतात. हातावरची चामखीळ तिथे जाऊन कर्करोग करते असे मुळीच नाही. ते प्रकारच वेगळे. पण रीत तीच. बहुतेक बायकांत शरीराची जागल त्यांना एक-दोन वर्षांत हाकलते. थोड्यांच्या अंगात ते ठाण मांडतात, आणि दहा-वीस वर्षांनी त्यातून कर्करोग होतो. हे जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन ह्यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्यावर वेळीच तपासणी केल्याने काय साधते, ते आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दाखवले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय तीत होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांनी तीत भाग घेतला. ज्या गावांत ह्या विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे ह्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेव्हा तिशी ओलांडलेल्या बाईने लाज न धरता तपासणी करून घ्यावी.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. ह्या लसीत विषाणूचे नुसते टरफल असते, आत बी नसते. दाणा न भरलेली शेंग पेरली तर उगवत नाही, तसे हे टरफल रोग करू शकत नाही. पण पहारेकऱ्यांना चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवते. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन टोचण्या पुरतात. मुलांनाही ती देता येते. चोर घरात शिरण्यापूर्वी तिचा उपयोग. शिरल्यावर ती त्याला बाहेर काढत नाही. आणि हातावरची साधी चामखीळ तिने जाईल अशी अपेक्षाही धरू नये.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी चार शब्द. चामखीळ असलेल्या मुलाला वेगळे बसवू नका. हातात हात घेतल्याने ती लागलीच लागते असे नाही; विषाणूला कातडीत फट लागते. आपला पंचा, ब्लेड आणि चप्पल दुसऱ्याला देऊ नये, नखे कुरतडू नयेत, चामखिळीशी चाळा करू नये, एवढे सगळ्या वर्गाला सांगा. त्या एकट्यालाच उभे करून नको. प्रतिकारशक्तीचा धडा शिकवाल तेव्हा कोणाचे नाव न घेता चामखिळीचे उदाहरण द्या. ज्याच्या हातावर ती आहे, त्याला कळू द्या की हे पाप नाही, घाण नाही, कोणाची नजर नाही. आपल्या शरीराची जागल कामाला लागायची आहे, आणि बहुधा ती लागतेच.

घरी आईबापांनाही तो हे सांगेल. मग एखाद्या घरात तरी त्या रात्री बिबा दिव्यावर धरला जाणार नाही. एवढे झाले तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.